गळा माझा, भांडण तिचं

“खिडकीवर चादर टाकली तर चालेल का?” झुबेरनं विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आधीच माझी ठेवणीतली चादर दोन खिळ्यांवर चढलीसुद्धा. बाहेर बार्शीचं एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं, पण फिल्मवाल्यांना ते चालत नव्हतं. ऊन झाकून झाल्यावर त्यांनी पेटीतून स्वतःचा दिवा काढला आणि लावला. नंदा खुर्चीतून हे सगळं बघत होती. ती काहीतरी म्हणाली.

“तुम्ही सरकारी खात्यातले का?” मी म्हटलं.

“नाही नाही, आमची संस्था आहे, पुण्याची,” केतकी गडबडून म्हणाली. “फोनवर बोलले होते ना मी?”

“मी नाही विचारलं. हिनं विचारलं.”

केतकीनं माझ्याकडे बघितलं, मग नंदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आमच्या घरी नव्यानं येणाऱ्या प्रत्येक माणसाची मान अशीच फिरायची.

नंदा, म्हणजे महानंदा, माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण. जन्मताना तिला वेळेवर श्वास आला नाही, त्यातून जे झालं त्याला डॉक्टर सेरेब्रल पाल्सी म्हणायचे आणि गल्लीतले लोक ‘तसली’ म्हणायचे. हातपाय तिचं ऐकत नव्हते. जीभही ऐकत नव्हती. तिचं बोलणं म्हणजे नुसते लांबलचक स्वर, मध्ये कुठं तरी एखादं व्यंजन, वरणात डाळ सापडावी तसं. डोकं मात्र ठणठणीत, आणि तोंड फटकळ. असं फटकळ तोंड देवानं बंद करून का पाठवलं, ते त्यालाच ठाऊक.

लग्न होऊन आले तेव्हा मला काही कळायचं नाही. सासूबाईंना अर्धंमुर्धं कळायचं. त्या गेल्या तोवर मला सगळं कळायला लागलं होतं. सुरुवातीला मी लोकांना सांगायची, “नंदाताई म्हणतायत की पंखा लावा.” ती चिडून खुर्चीच्या फळीवर कोपर आपटायची. का चिडते ते बरेच दिवस समजलं नाही. मग एकदा तिनंच बजावलं, माझ्याबद्दल सांगू नकोस, माझं म्हणणं म्हण. तेव्हापासून मी तिच्या वतीनं ‘मी’ म्हणूनच बोलायला लागले. ती बोलायची आणि मागोमाग माझं तोंड चालायचं, “मला उकडतंय”, “मला हा पाहुणा आवडत नाही.” शेजारची शारदाबाई विचारायची, अगं अंबिका, बोलतंय कोण, तू का ती? मी सांगायची, गळा माझा, भांडण तिचं.

ह्यांना मात्र तिचं बोलणं कधी आलं नाही. ह्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. मशीन कुठं कुरकुरतंय ते रस्त्यावरून जाताना कानाला कळायचं. बहीण बोलायला लागली की हे माझ्याकडे बघायचे. माया नव्हती असं नाही. तिच्या खुर्चीची चाकं हे दर रविवारी उघडून तेल घालायचे. पण “नंदाला दूध दे” हे नंदासमोर मला सांगायचे.

तर ही फिल्म. घरी अपंग माणसाचं करणाऱ्यांसाठी शिकवणीची फिल्म होती. कसं उचलायचं, कसं भरवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची. केतकीला कुणीतरी आमचं नाव सुचवलं होतं. फोनवर ती मला ‘आदर्श उदाहरण’ म्हणाली. मी नववी नापास, आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी उदाहरण झाले होते. ह्यांनी शर्टाला इस्त्री करून घेतली.

पहिल्या दिवशी त्यांनी भरवणं घेतलं. दुधात कुस्करलेल्या भाकरीचा एकच घास पुन्हा पुन्हा. कधी माझी सावली पडायची, कधी बाहेर भाजीवाला ओरडायचा. नंदानं सगळे घास खाल्ले आणि शेवटी म्हणाली, सिनेमातले लोक एवढे बारीक कसे राहतात? झुबेर इतका हसला की कॅमेरा हलला आणि अजून एक घास घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी मुलाखत. नंदाला मी मोरपंखी साडी नेसवली. झुबेरनं तिच्या पदराला एक बारका माइक लावला आणि एक माझ्या. दोघींचे आवाज वेगवेगळे येतात, नंतर हवा तो ठेवता येतो, असं त्यानं सांगितलं. कॅमेरा फक्त नंदावर. मी बाजूला, चौकटीच्या बाहेर. हे दाराजवळ स्टुलावर, गुडघ्यांवर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखे.

केतकीनं साधेच प्रश्न विचारले. दिवस कसा जातो, काय वाचता. नंदा सांगत होती, मी म्हणत होते. वाचून मी दाखवते, पण पुस्तक ती निवडते. मोबाईलवर व्हिडिओ बघते. मग केतकीनं विचारलं, “एखादी गोष्ट बदलायची झाली, तर काय बदलाल?”

नंदानं श्वास घेतला. मोठं वाक्य बोलायचं असलं की ती आधी छाती भरून घ्यायची.

“मला इथं राहायचं नाही,” मी म्हटलं.

माझ्याकडे अर्थ नेहमी उशिरा पोचायचा, कारण आधी तो तोंडातून बाहेर पडायचा. वाक्य बोलून झालं, खोलीत पडलं, आणि मग मला कळलं की ते आमच्या घराबद्दल होतं.

नंदा थांबली होती. ती माझ्याकडे बघत होती. त्या क्षणी मी पुढचं दुसरंच काही बोलले असते, तर जगात कुणाला कळलं नसतं. ते तिलाही माहीत होतं. तिनं पुन्हा छाती भरली.

“मिरजेच्या अलीकडं बायकांचं वसतिगृह आहे,” मी म्हटलं. “सगळ्या खुर्चीवरच्या. मी व्हिडिओ बघितलाय. स्वयंपाकाला कुणाला ठेवायचं ते त्याच ठरवतात. भांडतात. मला तिथं जायचंय.”

तो व्हिडिओ मलाही माहीत होता. डब्याला टेकवून मोबाईल ठेवला की ती तोच तोच लावायला सांगायची. त्यात मागं बासरी वाजायची. मला वाटायचं, हिला बासरी आवडते.

केतकीनं हळूच विचारलं, “इथं काही त्रास आहे का? वहिनींकडून?”

नंदाच्या मानेला झटके यायला लागले होते. मनापासून बोलायला लागली की अंग तिच्याविरुद्ध उठायचं. मी तिचा एकेक स्वर धरत गेले.

“वहिनी वाईट असती तर मी केव्हाच सांगितलं असतं. ती चांगली आहे, म्हणून इतकी वर्षं गप्प बसले. मला भूक लागायच्या आधी ती भरवते. मला एकदा भूक लागू द्यायची आहे. आणि मला तिचा राग आला, तरी तो तिच्याच तोंडून काढावा लागतो.”

हे सगळं मी म्हटलं. माझ्या आवाजात, एकसारखं, पाढे म्हणावेत तसं.

“बंद करा ते,” हे स्टुलावरून उठले. “बंद करा. हे ती नाही बोलली.”

नंदा ओरडत होती. ह्यांचा आवाज त्याच्यावर चढला. हे माझ्याकडे बोट करून म्हणाले, “हे तू बोललीस. कंटाळली असशील तर सरळ सांग मला. तिच्या तोंडात का घालतीस?”

नंदा काय ओरडते आहे ते मला निम्मंच ऐकू येत होतं, आणि जे येत होतं, ते होतं, ‘खरं आहे, मीच बोलले.’ पण हे मी कसं सांगायचं? ‘मीच बोलले’ असं मी म्हटलं असतं, तर ऐकणाऱ्यांनी काय समजायचं? इतकी वर्षं त्या घरात तिच्यासाठी एकच रस्ता होता, माझा गळा. त्यावरच आता कुणाचा विश्वास उरला नव्हता.

केतकी नंदाच्या खुर्चीजवळ बसली. हो म्हणायला नंदा डोळे वर करायची. केतकीनं विचारलं, हे तुम्हीच म्हणालात ना? नंदानं डोळे वर केले. हे म्हणाले, ती काहीही विचारलं तरी वर बघते, हिनंच शिकवलंय तिला. तेही खरंच होतं. डोळे वर करायला मीच शिकवलं होतं.

सामान आवरताना केतकी आत आली. मी कुकर लावत होते. ती फार हळुवार बोलली. म्हणाली, ताई, इतकी वर्षं करून माणूस थकतं, त्यात चूक काही नाही, आम्ही अशी खूप घरं बघितली आहेत.

“म्हणजे मी खोटं बोलले.”

“मी तसं म्हणत नाही.”

“मग कसं म्हणताय?”

ती म्हणाली की नंदाताईंचे भाऊ नको म्हणत असतील, तर तो भाग फिल्ममध्ये घेणार नाही. भाऊ नको म्हणत असतील तर. नंदाला कुणी विचारलं नाही. मी चादर खिळ्यांवरून काढली. दोन्हीकडे भोकं पडली होती.

त्या दिवसापासून नंदा बोलायची बंद झाली. भात की भाकरी विचारलं तर भिंतीकडे बघायची. पुस्तक उघडलं तर डोळे मिटायची. आधी वाटलं माझ्यावर रागावली. मग लक्षात आलं की तिला बोलायचंच असेल, तर ते माझ्या तोंडूनच येणार, आणि माझ्या तोंडाला आता किंमत राहिली नव्हती. गप्प बसणं एवढंच तिला माझ्या मदतीशिवाय करता येत होतं.

हे दुकानातून यायचे, जेवायचे. एकदा ताटावर मान घालून म्हणाले, “लोक काय म्हणतील ठाऊक आहे? भावानं बहिणीला आश्रमात टाकली.”

मी म्हटलं, “आश्रम नाही, वसतिगृह आहे.”

“बघ, तुला सगळं माहितीय.”

अशा माणसाशी भांडता येत नाही. त्याला बहीण घरात हवी होती, बायको थकलेली नको होती, आणि यातली एक तरी खोटं बोलते आहे, असं मानल्याशिवाय त्याला झोप येणार नव्हती. त्यानं माझी निवड केली. मला तर त्याहून वाईट वाटत होतं ते वेगळंच. भांडी घासताना माझ्या मनात सारखं यायचं, चांगली आहे म्हणून गप्प बसले. शिवी दिली असती तर मी परत दिली असती. याला काय परत द्यायचं?

झुबेरचं दोन माइकांचं बोलणं मला त्यानंतर चार-पाच दिवसांनी आठवलं. मी केतकीला फोन लावला. म्हटलं, माझा आवाज काढून टाका आणि नुसता नंदाचा पाठवा. ती म्हणाली, पण मग कुणालाच काही कळणार नाही.

“न कळू दे. पाठवा तुम्ही.”

व्हिडिओ आला. मी तो लावून बघितला नाही, ह्यांच्या मोबाईलवर पाठवून दिला. सकाळी चहाच्या वेळी पिशवी भरून दारात उभी राहिले आणि सांगितलं की मी कुर्डुवाडीला बहिणीकडे चालले आहे, उद्या येईन. आंघोळ आणि बाकीचं शारदाबाई करून जातील. मोबाईलवर नंदाचा व्हिडिओ आहे, माझा आवाज त्यात नाही.

ह्यांना पहिल्यांदा पिशवीचाच अर्थ लागेना. लग्नानंतर मी एकटी रात्रीची कुठं राहिले नव्हते. “आणि हिच्या जेवणाचं?” हे म्हणाले. “काय देऊ? किती देऊ?”

“तिला विचारा.”

बहिणीकडे मी पाहुणी म्हणून कुचकामाची निघाले. ती विचारायची, काय खाशील? आणि मी थांबायची. इतकी थांबायची की ती म्हणाली, अक्का, तुझं काय बोलायचं ते बोल की, इथं कोण नाही दुसरं. मला खरंच काही सुचत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, पोहे. मला पोहे आवडत नाहीत. ते नंदाला आवडतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. दुकान बंद होतं. दार नुसतं लोटलेलं. हे नंदाच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले होते, मोबाईल डब्याला टेकवलेला. दाढी वाढलेली, शर्टावर वरणाचा ओघळ. नंदाच्या हनुवटीलाही वरण वाळलेलं होतं, आणि पदर उलट्या खांद्यावर होता. माझा हात तो नीट करायला पुढं झाला. मी तो मागं घेतला.

“बस,” हे म्हणाले. मला पाणी विचारलं नाही, प्रवास कसा झाला विचारलं नाही. नंदाकडे वळले. “सांगू का?”

नंदानं डोळे वर केले.

हे समोरच्या भिंतीकडे बघत, पहिलीतल्या पोरानं पुस्तक वाचावं तसं एकेक अक्षर सोडवत बोलायला लागले. “मला. इथं. राहायचं नाही.” मग घाम पुसला. “वहिनी चांगली आहे. म्हणून गप्प बसले. मला भूक लागू द्यायची आहे.”

हे ‘मी’ म्हणून बोलत होते. कुणी शिकवलं नव्हतं. किंवा नंदानं शिकवलं असेल, मी तेव्हा नव्हते.

“भूक कळायला अख्खी सकाळ गेली,” हे म्हणाले. “सारखं लावलं, सारखं लावलं. मग हिला म्हटलं, तूच म्हणून दाखव. तिनं म्हटलं. तेव्हा लागलं.” मग म्हणाले, “तू म्हणालीस तेच आहे.”

माफी म्हणून आयुष्यात मला जे मिळालं ते एवढंच, आणि ते पुष्कळ होतं.

“पुढं पण आहे,” हे म्हणाले. “मी बंद करा म्हणून ओरडत होतो ना, त्याच्या खाली. कॅमेरा चालूच होता. तिच्या माइकात आलंय.”

“काय आहे?”

ह्यांनी तोंड उघडलं. नंदानं आवाज केला, छोटासा, तुटका. हे माझ्याकडे वळले नाहीत. तिच्याकडे वळले. “नको?” त्यांनी विचारलं. तिनं डोळे वर केले.

“नको म्हणतीय,” हे मला म्हणाले.

नंदा काय म्हणते ते त्या घरात मला कुणीतरी सांगत होतं. मी उभी राहिले, पिशवी आत नेऊन ठेवली, आणि ओट्याशी जाऊन पुष्कळ वेळ नळ सुरू ठेवला.

जूनमध्ये आम्ही तिला मिरजेला सोडून आलो. पुढं फिल्म झाली, वसतिगृहाच्या हॉलमध्ये दाखवली. केतकीनं शहाणपण केलं होतं. माझा आवाज पूर्ण काढला होता, नंदाचा आवाज आणि खाली अक्षरं. भरवण्याच्या जागी माझे हात तेवढे दिसत होते. मागच्या रांगेतली एक बाई दुसरीला म्हणाली, हिची वहिनी म्हणे फार चांगली होती. दुसरी म्हणाली, असेल, पण तिच्यापासून सुटायला बघा किती वर्षं लागली बिचारीला. मी मान हलवली. मला दोघींचंही पटलं.

तिथल्या बायकांना नंदाचं बोलणं महिन्याभरात कळायला लागलं. हे मला कळलं तेव्हा मी आनंदानं पेढे वाटायला हवे होते. मी दोन दिवस जेवले नाही. ती तिथं स्वयंपाकीणबाईशी भांडली, खोली बदलून घेतली, एकदा रुसून उपाशी राहिली. हे फोनवर तिचं ऐकायचे, अर्धं समजायचं, अर्धं चुकीचं. ती ह्यांना दुरुस्त करायची. मला फोन दिला की सगळं पहिल्या वेळेलाच कळायचं, म्हणून बोलणं लवकर संपायचं.

तिसऱ्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ झाला आणि ती गेली. आम्ही पोचेपर्यंत गेली होती. तिच्या खोलीतली कलावती म्हणून होती, ती रडत म्हणाली, शेवटच्या आठवड्यात आम्हाला सगळ्यांना फाडफाड बोलली हो, एकीला सोडलं नाही. मला ते ऐकून बरं वाटलं. म्हणजे जितकं बरं वाटता येईल तितकं.

तिचा आवाज आता त्या एका व्हिडिओतच आहे. मी तो लावते. मिरजेच्या अलीकडं, भूक, राग, सगळं. आता मी मागोमाग बोलत नाही, नुसती ऐकते. मग ह्यांचं ‘बंद करा ते’ येतं, आणि तिथं मी अंगठ्यानं थांबवते. पुढचं वाक्य मला एका झटक्यात कळेल. ह्यांना लागला तेवढा वेळ मला लागणार नाही. म्हणूनच थांबवते. ते तिनं मला सांगितलेलं नाही.

ह्यांना मात्र ते पूर्ण ऐकायचं असतं. रविवारी दुपारी, दुकानाला सुट्टी असली की, हे मोबाईल डब्याला टेकवतात आणि माझ्याकडे बघून म्हणतात, “जरा बाहेर जातीस का?”

मी चप्पल घालून अंगणात जाते, दार ओढून घेते, आणि हे बोलवेपर्यंत उन्हात उभी राहते.